मशीनचं खरं वय

सरांच्या खोलीत शिरायचं तर आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावावा लागे. मग तो चहावाला असो की संस्थेचा अध्यक्ष. सर आतून मान वर न करताच ओरडत, "गज! गज!" आणि दारात आलेला माणूस थबकून, चप्पल काढावी तसा, गजाला हात लावून मग आत येई.

सरांचं म्हणणं असं की माणसाच्या अंगात वीज साचते. हिवाळ्यात जास्त साचते, आणि टेरीकॉटचा शर्ट किंवा नायलॉनची साडी असली तर विचारूच नका. आपल्याला ती कळत नाही, पण मशीनच्या आतल्या चिपला कळते आणि चिप मरते. लोखंडाला हात लावला की ती वीज जमिनीत निघून जाते. त्यासाठी त्यांनी गजाला तार बांधून ती अंगणात गाडलेल्या एका सळईला जोडली होती. सळईभोवतीची माती ओली राहावी म्हणून मला रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी टाकायला लावलं होतं.

आता गावानं काय समजायचं? एक बाई रोज सकाळी अंगणात एका जागी पाणी घालते. येणारा-जाणारा एका गजाला हात लावतो. महिन्याभरात गजाला कुंकू लागलं. सरांनी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलेलं. तांड्यावरून येणाऱ्या एका पोरीची आजी तिला सोडायला आली, तिनं गजाला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि मला हळूच विचारलं, "बाई, हा कोणता देव हाय?" मी म्हटलं, "सरांचा हाय." तेवढं तिला पुरलं. पुढे परीक्षा जवळ आली की पोरी गजाला दोनदा हात लावायच्या.

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. बाभुळगावात त्यांना नावानं ओळखणारं तसंही कोणी नव्हतं. सगळे त्यांना चिपवाले सर म्हणत. ते मूळचे पुसदकडचे. सगळी नोकरी नागपूरच्या एका कंपनीत नकाशे काढायच्या मोठ्या मशीनींवर केली, आणि निवृत्त झाल्यावर इथे टायपिंगच्या क्लासवर शिकवायला आले. काहून आले, ते कोणाला कळलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "तिथं समदं नवं हाय. करायले काही उरलंच नाही."

त्या क्लासवर मी झाडलोट करते, पाणी भरते, चहा करते. सर मला मावशी म्हणत. मी चौथी शिकलेली, आणि लोकांत माझा आवाज निघत नाही. म्हणूनच सर सगळं मला समजावून सांगत. दुसऱ्या कोणाला सांगायला गेले की तो मध्येच आपलं सांगायला लागे. माझ्याकडून तो धोका नव्हता.

क्लासवरच्या मशीनी दानात आल्या होत्या. नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेल्या. त्या काळ्या, उंच, आणि एकेक ज्वारीच्या पोत्याइतकी जड. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांनी ट्रक आला त्या दिवशी मंडप टाकला, मशीनींना हार घातले, फोटो काढला आणि भाषणात सांगितलं की बाभुळगावात आजपासून संगणक क्रांती झाली. टाळ्या झाल्या. मग पहिली मशीन सुरू केली, आणि क्रांती सुरू व्हायला इतका वेळ लागला की पाहुणे जेवायला उठून गेले.

त्या मशीनी तशाच होत्या. बटण दाबलं की आतून घरघर यायची आणि पडद्यावर एक गोल फिरत राहायचा. पोरी बटण दाबून एकमेकींच्या वेण्या घालायला बसत. लांब केसांची पोर असली तरी वेणी पुरी व्हायची.

सर आल्यावर त्यांनी आधी मशीनींना नावं दिली, आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्यांची. पुसद, दारव्हा, दिग्रस, वणी, उमरखेड, नेर, केळापूर. खडूनं प्रत्येकीच्या कपाळावर लिहिलं. माणसांशी ते बेतानंच बोलत, पण मशीनींशी घरच्यासारखं बोलत. "काय ओ वणी, उठाचं नाही का आज?" "नेरबाई, कायले तापून राह्यल्या?"

एकदा भाऊसाहेब ऑफिसात बसले होते आणि सर दारातून सांगून गेले, "सकाळीच केळापूर गेली. मी काही करू शकलो नाही."

भाऊसाहेब एकदम उभे राहिले. त्यांची सासुरवाडी केळापूरची. "कोण गेली? म्हातारी?"

"म्हातारी म्हणा. पण एवढीही नव्हती."

"अहो, मंग मले फोन काहून नाही आला?"

"तुमाले कायले फोन करन ते? मीच पाहतो काय करायचं ते. आतलं सामान काढून घेतो आज."

भाऊसाहेबांनी सासुरवाडीला फोन लावला, तिकडून सासूबाईच बोलल्या, आणि त्या दिवसापासून सरांच्या नावानं भाऊसाहेबांच्या मनात एक अढी बसली ती बसलीच.

मशीनींना काय झालंय ते सरांनी मला एकदा चहा पिता पिता सांगितलं. मशीनच्या आत माहिती ठेवायची जुनी डिस्क असते, ती फिरते, म्हणून घरघर. आता अंगठ्याएवढी नवी डिस्क निघाली आहे, ती फिरत नाही आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं समोर आणून ठेवते. ती या मशीनींना लावली की काम झालं. पण लागत नव्हती. म्हणजे बसत होती, पण मशीन तिच्यावरून सुरू होत नव्हती.

"मावशी, तहसीलीत गेल्या कधी?" सरांनी विचारलं.

मी मानेनंच हो म्हटलं.

"दारात चपराशी बसते न? कोणता बाबू कुठं बसते ते त्याले माहीत. तुम्ही विचारलं तर तो बोट दाखवते. आता समजा, आत नवा बाबू आला. हुशार हाय, झटपट काम करते. पण चपराशाले त्याची ओळखच नाही. तुम्ही विचारलं तर तो काय सांगन?"

मी हळूच म्हटलं, "असा कोणी इथं नाही."

"बस! या मशीनीत एक चिप हाय, तो हा चपराशी. मशीन चालू झाली की पहिले त्याले विचारते, कोणाकडं जाऊ? त्याले जुने बाबू माहीत, नवा माहीत नाही. दुकानवाले म्हणतेत, तहसीलच पाडा, नवी बांधा. अरे, कायले पाडता? चपराशाले नव्या बाबूची ओळख करून द्या!"

आणि वर आपलं ठरलेलं वाक्य म्हणत, "मशीन म्हातारी नाही झाली. तिची ओळखपाळख कमी हाय." हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत की पोरी त्यांच्या मागे त्यांचा आवाज काढून म्हणायच्या.

यवतमाळच्या दुकानातला एक इंजिनियर भाऊसाहेबांनी बोलावला होता. तो आला, टेबलावर वाकला आणि म्हणाला, "सर, याच्यात हे लागतच नाही. कंपनीच सांगते."

"कंपनी लागते म्हणून सांगन काहून? तिले नवी विकायची हाय," सर म्हणाले. "आणि तुम्ही गजाले हात लावला का?"

"कोणता गज?"

"बाहेर जा."

तो बाहेर गेला, तो गजाला हात लावून परत येईल असं आम्हाला वाटलं. तो सरळ बसस्टँडवर गेला.

आता हे सगळं मला गमतीचं वाटलं असतं, पण त्यात माझ्या सुनेचा जीव अडकलेला होता. माझी सून वैशाली बारावी शिकलेली. लग्न झालं, बाळ झालं, तरी टायपिंगचं सर्टिफिकेट घ्यायचं तिच्या मनात होतं. सर्टिफिकेट असलं तर कुठे क्लार्कच्या जागेला अर्ज करता येतो. ती क्लासवर यायची आणि बाळ माझ्या कडेवर असायचं. बोटं तिची अशी चालत की सर जाताजाता थांबत. अर्थात तिच्याकडे न बघता मशीनकडे बघत. पण परीक्षेचं सेंटर यवतमाळला. माझा मुलगा प्रमोद वाईट नाही, पण एकदा बोलला की बोलला. तो म्हणाला, "गावात परीक्षा असन तर देऊ दे. लेकरू टाकून यवतमाळले दोन-दोन दिवस जायचं नाही."

वैशाली रात्रीच्या भाकरी करताना मला म्हणाली, "आई, यवतमाळ म्हटलं म्हणजे माझं राह्यलंच समजा." क्लासवरच्या निम्म्याअधिक पोरींचं तेच होतं. कोणाचा बाप, कोणाचा भाऊ, कोणाची सासू, पण बोलणं एकच.

भाऊसाहेबांनी बाभुळगावात सेंटर मिळावं म्हणून अर्ज केला होता. परीक्षा घेणाऱ्या ऑफिसचे साहेब तपासणीला येणार होते. परीक्षेचा प्रोग्राम मशीनींवर न अडता चालला तर सेंटर, नाही तर नाही. आणि मशीनी तर वेण्या घालण्याच्या लायकीच्या. त्यामुळे मला क्रांतीशी देणंघेणं नव्हतं. त्या चपराशाची आणि नव्या बाबूची एकदाची ओळख व्हावी, एवढंच मला हवं होतं.

ती ओळख करून देण्याचं काम सर दुपारी करत. मशीनचं झाकण काढायचं, आतल्या चिपला एक बारीक चिमटा लावायचा, कपड्याच्या चिमट्यासारखाच पण मुंगीएवढ्या दातांचा. चिमट्याची तार त्यांच्या लॅपटॉपला. चिपमध्ये लिहिलेलं सगळं लॅपटॉपवर काढून घ्यायचं, त्यात नव्या डिस्कच्या ओळखीचा एक तुकडा नेमक्या जागी बसवायचा, आणि सगळं परत चिपमध्ये लिहायचं. लिहिताना चिमटा हलला किंवा लाईन गेली तर चपराशी जागच्या जागी वेडा होणार. म्हणून त्या वेळी खोलीत कोणी यायचं नाही, पंखा लावायचा नाही, शिंकायचंसुद्धा नाही. सर स्वतः मनगटात एक पट्टा घालत आणि त्याची तार गजाला अडकवत. खिडकीतून बघणाऱ्यांना सर बांधून ठेवलेले दिसत. गावात बातमी झाली की डोकं फिरलं म्हणून संस्थेनंच त्यांना बांधलंय.

मला दारात राखण बसवलं होतं. एकदा नेमके भाऊसाहेब आले. त्यांना अडवायचं म्हणजे बोलावं लागणार, आणि ते माझ्यानं होणार नव्हतं. मी झाडू हातात धरून दाराच्या मधोमध मान खाली घालून उभी राहिले. भाऊसाहेबांना वाटलं, बाई आदरानं उभी आहे. त्यांनी माझ्या मुलाची चौकशी केली, नातवाची केली, या वर्षी तुरीला भाव कसा आहे ते सांगितलं. तोवर आतून सरांचा आवाज आला, "झालं! या आता." भाऊसाहेब म्हणाले, "बाई फार नम्र हाय तुमची."

सरांच्या हातूनही चूक झाली एकदा. सगळ्या मशीनी एकाच घाटाच्या असल्या तरी प्रत्येकीच्या चिपमध्ये तिचा आपला वेगळा नंबर असतो. घाईत सरांनी पुसदच्या चिपमधलं लिखाण दारव्ह्याच्या चिपमध्ये लिहून टाकलं. मग दोघी सुरू केल्या तर दोघीही सांगायला लागल्या की मीच पुसद. एक चालू असली की दुसरीचं इंटरनेट बंद. पोरी हसून हसून लोळल्या. सर मात्र त्या दिवशी चहा प्यायले नाहीत. दारव्ह्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "माझी चूक झाली बाप्पा. तुझं नाव तुले परत देतो." दारव्ह्याचं जुनं लिखाण त्यांनी आधीच जपून ठेवलं होतं, ते परत घातलं, तेव्हा जेवले.

अखेर पहिली जमली ती केळापूरच, सरांनी गेली म्हणून सांगितलेली. पोरीनं बटण दाबलं आणि सवयीनं शेजारणीच्या केसांत कंगवा घातला. तेवढ्यात मशीन चालू. "अय्या! हे काय!" कंगवा तसाच केसांत राहिला. सगळ्या धावत आल्या. पुन्हा बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. वैशालीनं मला हात धरून आत ओढलं आणि दाखवलं. घरघर नाही, गोल नाही, लगेच उघडी. मी सरांकडे पाहिलं तर ते रागावलेले. "बंद-चालू, बंद-चालू काय लावलं? ती काय पाळणा हाय?"

एकेक करून सगळ्या मशीनी झाल्या. मला वाटलं, आपण सुटलो. आणि तेव्हा भाऊसाहेबांना संगणकाची आवड निर्माण झाली.

मशीन सुरू होताना पडद्यावर कंपनीचं चिन्ह येई आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात साल. ते साल निघालं बारा-तेरा वर्षांपूर्वीचं. इतकी वर्षं ते कोणी पाहिलं नव्हतं, कारण तेवढा वेळ त्या पडद्याकडे पाहण्यात कोणाला रस नव्हता. भाऊसाहेबांनी ते पाहिलं आणि त्यांना घाम फुटला.

"सर, साहेबांनी हे पाह्यलं तर म्हणतीन, भंगार मांडलं. सेंटर जाईन."

"भंगार कसं म्हणतीन? चालते न."

"तुम्ही चिपच्या आत घुसले न? मंग ते साल बदलून टाका की. जमते का नाही?"

"जमते," सर म्हणाले. "चहा उकळाच्या आत जमते."

"मंग?"

"करत नाही."

भाऊसाहेबांनी मग वैशालीला पुढे केलं. तिला खरंच सेंटर हवं होतं, त्यामुळे तिला शिकवावं लागलं नाही. ती म्हणाली, "सर, टाका न बदलून. एक आकडाच तर हाय. आमची परीक्षा होऊन जाईन."

मीही तिथेच उभी होते. आणि खरं सांगायचं तर मीही मनात तेच म्हणत होते. मशीनच्या वयानं कोणाचं काय बिघडतं?

सरांनी वैशालीला विचारलं, "तुझी जन्मतारीख काय?"

"एक जून, सर."

"खरी?"

वैशाली हसली. "आई म्हणे पोळ्याच्या आसपास झाली."

"मावशी, तुमची?"

मी पुटपुटले, "शाळेत एक जूनच लिवली होती."

"भाऊसाहेब, तुमची?"

भाऊसाहेब भिंतीकडे पाहू लागले. त्यांच्या एक जूनच्या वाढदिवसाचे फ्लेक्स दर वर्षी बसस्टँडवर लागतात. आमच्याकडे शाळेत नाव घालताना ज्याची तारीख माहीत नाही त्याची मास्तर एक जून लिहून टाकत. वर्षही अदमासानं, आणि अदमास नेहमी कमीकडेच जातो. सरकारी ऑफिसातले अर्धे लोक मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकदम निवृत्त होतात आणि हार कमी पडतात.

सर म्हणाले, "पाहा. या खोलीत एकट्या मशीनींचीच जन्मतारीख खरी हाय. मशीनींची आणि माझी. त्यांचीही खोटी करून टाकू?"

"अहो, पण सेंटर!" भाऊसाहेब ओरडले.

"ते चालून दाखवून घेऊ."

आणि पट्टा मनगटात घालून स्वतःला गजाला अडकवून घेतलं. म्हणजे बोलणं संपलं.

त्या रात्री मला सरांचा राग आला. खरेपणा असावा, पण तो आपल्या स्वतःच्या वस्तूवर करावा. वैशालीची परीक्षा त्यांनी कोणाला विचारून पणाला लावली होती?

तपासणीला साहेब आले ते उन्हात तापलेले. सर ओरडले, "गज!" भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. पण साहेबांनी गजाकडे पाहिलं, त्यावरचं कुंकू पाहिलं, आणि बूट काढून, हात लावून, डोळे मिटून नमस्कार केला. सरांना आयुष्यात एवढा आज्ञाधारक माणूस भेटला नसावा. ते खूष झाले.

साहेबांनी आपला नवा कोरा लॅपटॉप टेबलावर उघडला. त्यावर "थांबा" असं आलं आणि गोल फिरायला लागला. "अपडेट होऊन राह्यला," ते म्हणाले. "तोवर तुमच्या मशीनी पाहू."

भाऊसाहेबांची तयारी होती. पहिल्या मशीनचं बटण दाबलं आणि साल यायच्या नेमक्या क्षणी त्यांनी शाल उलगडून साहेबांच्या खांद्यावर अशी घातली की साहेबांचं डोकंच शालीत गेलं. डोकं बाहेर आलं तोवर मशीन तयार. दुसरीच्या वेळी श्रीफळ आलं. तिसरीच्या वेळी पुष्पगुच्छ, तोही भला मोठा, नाकासमोर. चौथीच्या वेळी भाऊसाहेबांच्या हातात काही उरलं नव्हतं, म्हणून ते स्वतःच पडद्यासमोर उभे राहिले आणि संस्थेची वाटचाल सांगू लागले.

मागून सर म्हणाले, "साहेब, भाऊसाहेबांच्या पोटामागं साल दिसते, ते पाहून घ्या एकदा."

वैशालीनं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

साहेबांनी भाऊसाहेबांना बाजूला केलं, मशीन पुन्हा सुरू करायला लावली आणि वाकून साल वाचलं. "अरे! ही तर फार जुनी हाय."

"हाव," सर म्हणाले. "जुनीच हाय. लपवाचं काय त्याच्यात? चालवून पाहा."

साहेबांनी परीक्षेचा प्रोग्राम लावला. एकीवर, मग दुसरीवर. मग सगळ्या पोरींना बसवलं आणि एकदम टाईप करायला सांगितलं. एकही अडली नाही. त्यांच्या लॅपटॉपवरचा गोल अजून फिरतच होता. त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, मशीनींकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ठीक हाय. मशीनच्या वयाची अट नाही आमच्याकडं. चालली म्हणजे झालं. सेंटर देतो."

पोरी ओरडल्या. मी दाराला टेकले. भाऊसाहेब म्हणाले, "मी तर पहिलेच म्हणत होतो!"

"वयाची अट माणसाले हाय," साहेब पुढे म्हणाले. "केंद्र कोण पाहीन? हे सर? यांचं वय काय?"

सरांनी सांगितलं. ते अटीच्या चार महिने पुढे निघाले.

साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "चार महिन्यांचं काय एवढं. शाळेच्या दाखल्यात काय तारीख हाय, पाहा एकदा." आणि भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब सरांच्या कानाशी लागले, पण त्यांचा कानातला आवाजही सभेइतकाच. "आपल्याच संस्थेची शाळा हाय. नवा दाखला काढू. एक जून टाकून देऊ, वर्ष एक पुढं. कोण पाहते?"

सरांनी उमरखेडवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली आणि म्हणाले, "हिचा पंखा आवाज करते थोडा. जो कोणी येईन त्याले सांगा."

जो कोणी आला तो भाऊसाहेबांचा भाचा होता. त्याला वायर कुठली कुठे जाते हे माहीत नव्हतं, पण वयात बसत होता. आणि नियम असा की परीक्षेच्या दिवशी बाहेरचा माणूस आवारात नको. सेंटरच्या कागदावर नाव नाही म्हणून सर आता बाहेरचे.

परीक्षेच्या दिवशी सर सकाळीच येऊन रस्त्यापलीकडच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसले. मलाही आत जायची मनाई होती, माझी सूनच परीक्षेला म्हणून. मी बाळाला घेऊन त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. खिडक्या उघड्या होत्या, आणि मशीनी सुरू झाल्या तशी एकेकीची बारीक टिटी ऐकू आली. प्रत्येक टिटीला सर मान हलवत आणि तालुक्याचं नाव घेत. "नेर. दिग्रस. वणी." उमरखेडची आली तेव्हा त्यांनी श्वास सोडला. वैशाली उमरखेडवर होती.

मग काहीच ऐकू येईना. हॉटेलवाल्यानं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. बाळ रडलं, झोपलं. मध्ये एकदा भाचा धावत व्हरांड्यात आला, इकडेतिकडे पाहिलं, आणि सर उभे राहिले. मीही उभी राहिले. भाच्यानं पिचकारी टाकली आणि परत आत गेला. आम्ही दोघं खाली बसलो.

पोरी बाहेर पडल्या तशी वैशाली रस्ता ओलांडून आली. तिचा चेहरा मला वाचता येईना. मी काही विचारायच्या आत सरांनीच विचारलं, "मधात बंद तर नाही पडली?"

"नाही, सर."

"तापली होती?"

"नाही."

"पंखा? पंखा आवाज करत असन."

वैशालीनं आठवून पाहिलं. "असन, सर. मले आयकू नाही आला."

"आयकू नाही आला?"

"नाही. मी टाईप करत होती."

मशीनबद्दल विचारायचं काही उरलं नव्हतं, आणि दुसरं काही विचारायचं सरांना सुचत नव्हतं. पोर समोर उभी आणि हे चहावरची साय बोटानं बाजूला करतायत. मला राहवेना. मी म्हटलं, आणि माझा आवाज हॉटेलातल्या सगळ्यांनी ऐकला, "सर, पेपर कसा गेला ते तरी विचारा तिले!"

सर दचकले. "हो, हो. कसा गेला?"

"पुरा झाला, सर. वेळ उरला थोडा."

"तो तुझा पेपर होता," सर म्हणाले. "त्यात मी काय बोलू? माझा पेपर म्हणजे तो पंखा. तो तुले आयकू नाही आला न? मंग मी पास."

तेवढ्यात समोर भाच्यानं मशीनी बंद न करता भिंतीवरचं मेन बटणच पाडलं, आणि सगळ्या खिडक्यांतला उजेड एकदम गेला. सर ताडकन उठले.

"सर, तुमाले आत मनाई हाय न?" वैशाली म्हणाली.

"परीक्षा संपली न? मंग आता कायची मनाई!" म्हणत ते डावीउजवीकडे न बघता रस्ता ओलांडून गेले. एका मोटारसायकलवाल्यानं त्यांना शिवी दिली. फाटकात पोहोचायच्या आधीच ते भाच्याला ओरडून विचारत होते की उमरखेडचं झाकण उघडायला पेचकस कुठे ठेवलाय.